चौथी-पाचवीतली निम्मी पोरं वाचताना अडखळतात, आणि बाईंना गट पाडणं मान्य नाही. काय करू?

वाडीवरचा_मास्तर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, वेळ असेल तर वाचा.

जूनमध्ये बदलीने या शाळेत आलो. जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवी, पट ८३, आम्ही तिघं. पट दीडशेच्या आत असल्याने मुख्याध्यापकाचं पद मंजूर नाही, म्हणजे आमच्यातल्याच कुणीतरी चार्ज घ्यायचा. सगळ्यात सीनियर बाई आहेत, २२ वर्षं सर्व्हिस. त्यांनी सरळ सांगितलं, मला ते रजिस्टरांचं गाठोडं नको, मला शिकवू द्या. ते गाठोडं आता माझ्या डोक्यावर आहे. बाईंकडे तिसरी-चौथी, माझ्याकडे पाचवी आणि चार्ज, पहिली-दुसरीला एक तरुण सर आहेत, शिक्षणसेवक.

पहिल्या पंधरा दिवसांत मी चौथी-पाचवीच्या एकेका पोराला व्हरांड्यात जवळ बसवून वाचायला लावलं. असरवाले (गावोगाव मुलांचं वाचन तपासणारा सर्व्हे) करतात तसंच, अक्षरं, शब्द, छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. एकूण ३४ मुलं. ९ जणं गोष्ट सरळ वाचतात, ८ जणं उताऱ्यापर्यंत येतात, १० जणं शब्द वाचतात पण काना-मात्रा आली की गाडी रुळावरून घसरते, आणि ७ जणांना अक्षरंसुद्धा धड येत नाहीत. म्हणजे बरोब्बर निम्मी पोरं पुस्तकातला उतारा वाचू शकत नाहीत आणि आपण त्यांना परिसर अभ्यासातली स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावरून उतरवून घ्यायला लावतोय. वह्या मात्र एकदम टकाटक, अक्षर मोत्यासारखं! एका पोराला त्याच्याच वहीतलं वाक्य वाच म्हटलं तर तो माझ्या तोंडाकडे बघत बसला.

माझं म्हणणं असं की रोज एक तास तिसरी ते पाचवीचे वर्ग मोडायचे आणि पातळीप्रमाणे गट करून फक्त वाचन घ्यायचं. मीटिंगमध्ये तक्ता करून मांडलं. बाई म्हणाल्या, पोर्शन कोण पुरा करणार, स्कॉलरशिपची पोरं कोण बघणार, आणि असले उपक्रम मी लई बघितलेत, साहेब बदलला की उपक्रम बदलतो. त्यात चुकीचंही काही नाही म्हणा. पण त्या दिवसापासून आमचं बोलणं कामापुरतं झालंय.

तर प्रश्न असे, की दोनच शिक्षकांत हे गट चालवायचे कसे, बाईंना सोबत कसं घ्यायचं, आणि खिचडी, ऑनलाइन माहिती, बीएलओचं (मतदार याद्यांचं) काम या सगळ्यातून तो एक तास वाचवायचा कसा. थिअरी नको, ज्यांनी केलंय त्यांनी लिहा.

कोकणातली_बाई

सर, दोन शिक्षकी शाळेत आठ वर्षं काढली आहेत, त्यामुळे लिहिते.

तास परिपाठ झाला की लगेच घ्या. दुपारनंतर ठेवलात तर पहिल्या आठवड्यातच बोंबलेल, कारण खिचडीचा वास सुटला की पोरांचं लक्ष आणि आपलं लक्ष दोन्ही चुलीकडे, आणि तालुक्याचे फोनही अकरानंतरच सुरू होतात.

दोन शिक्षक तर गट तीन करा. गोष्ट वाचणारी पोरं व्हरांड्यात स्वतःची स्वतः, हातात गोष्टीची पुस्तकं, जोडीजोडीने वाचायचं आणि वाचलेल्यावर एकमेकांना तीन प्रश्न काढायचे. त्यांच्याकडे पाच मिनिटं जाऊन आलं तरी पुरतं. उतारावाली आणि शब्दवाली एका शिक्षकाकडे. अक्षरवाली दुसऱ्याकडे, आणि हा गट लहानच ठेवा. अक्षरगटाला तुमच्या शाळेतला सगळ्यात मुरलेला शिक्षक द्या, नवीन माणूस नको. आपण उलटं करतो, हुशार मुलांना चांगला शिक्षक आणि मागं पडलेल्यांना जो मोकळा असेल तो.

अक्षरगटात क पासून ज्ञ पर्यंत ओळीने जाऊ नका, त्यात पोर अर्ध्या वाटेत मरतं. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेने फार वर्षांपूर्वीपासून दाखवलंय की थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा एकत्र घेतली की लगेच शब्द वाचता येतात. उदाहरणार्थ म, ल, क, र आणि काना. एवढ्यावर काका, मामा, काम, लाल, माल, मला, कमाल, आणि "कमल काम कर" हे आख्खं वाक्य होतं. ज्या पोराने चार वर्षं काहीच वाचलं नाही त्याने चौथ्या दिवशी वाक्य वाचलं की त्याचा चेहरा बघा. मग पुढचा अक्षरसंच. सोबत रोज एक वाक्य पोरांनी सांगायचं ("काल आमची शेळी व्याली"), ते तुम्ही खडूने जमिनीवर मोठं लिहायचं, त्यावर बोट ठेवून सगळ्यांनी वाचायचं, आलेली अक्षरं गोल करायची. साहित्याला शून्य रुपये.

दर दहा-पंधरा दिवसांनी परत एकेकाला वाचायला लावा आणि जो पुढे सरकला त्याला त्याच दिवशी वरच्या गटात बसवा, महिनाअखेरची वाट बघू नका. आणि गटांना अ ब क नका म्हणू हो, पोरं दोन मिनिटांत ओळखतात ढ गट कुठला ते. आमच्याकडे आंबा, फणस, काजू होते आणि पाचवीतला एक दांडगा पोरगा तिसरीच्या पोरांत बसायला लाजायचा, तर त्याला त्या गटाच्या पाट्या-खडू वाटायचं खातं दिलं. लाज गेली, पण तो महिनाभर खडूच मोजत बसायचा तो भाग वेगळा 😄

रिटायर्ड_केंद्रप्रमुख

गुरुजी, तुमचा दुसरा प्रश्न खरा अवघड आहे, त्यावरच लिहितो.

तुम्ही तक्ता मीटिंगमध्ये मांडला. त्या ३४ मधली चौथीची पोरं बाईंची आहेत आणि पाचवीतलीही गेल्या वर्षी त्यांच्याकडेच असणार. म्हणजे तुमच्या आकड्यात त्यांना स्वतःचा निकाल दिसला, तोही शिक्षणसेवकासमोर, नव्याने आलेल्या माणसाच्या तोंडून. माणूस दुखावणारच. मी स्वतः तिशीत असताना एका शाळेत वेळापत्रक बदलाची सूचना सूचना-वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. सह्या मिळाल्या. पुढचे तीन महिने सगळे सूचनेप्रमाणे वागले आणि कुणी काही शिकवलं नाही.

बाईंकडे परत जा, पण एकट्याने, शाळा सुटल्यावर, आणि तक्ता घरी ठेवून. त्यांना विचारा की ही सात पोरं नेमकी कशात अडकतात. २२ वर्षांत पहिली शिकवली असेल तर त्यांना जे माहीत आहे ते कुठल्याही प्रशिक्षणात मिळत नाही. कोणतं पोर घ आणि ध मध्ये गोंधळतं, कुणाला ख म्हणजे र आणि व वाटतं, कुणाला भ-म कळत नाही, कोण वाचत नाही तर पाठ म्हणतं. तुमच्या चाचणीत "अक्षर पातळी" एवढं एकच लेबल आलं, बाईंकडे सात पोरांची सात कारणं असतील. ती लिहून घ्या, त्यांच्या देखत. आणि त्यांच्या वर्गावर वही घेऊन "भेट" द्यायला जाऊ नका, आधी त्यांना तुमचा तास बघायला बोलवा आणि काय चुकलं ते विचारा.

बाई अजूनही नाही म्हणाल्या तर त्यांना स्कॉलरशिपचा गट द्या, अक्षरवाली पोरं तुम्ही घ्या. सुरू होणं महत्त्वाचं.

तासाबद्दल. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. कागदावर छान आहे, पण निवडणुकीच्या नावाखाली बीएलओ त्याच कलमात बसतं, त्यामुळे त्यावर भांडण्यात शक्ती घालवू नका. तुमच्या हातात जेवढं आहे तेवढं करा. त्या तासाला तिघांचे फोन कपाटात. पोषण आहाराची ऑनलाइन नोंद तिघांनी आठवडे वाटून. माहिती मागणारा मेसेज आला तर उत्तर चारनंतर. मी नोकरीत असताना स्वतः "आत्ताच्या आत्ता पाठवा" असे मेसेज टाकायचो, आणि आता प्रामाणिकपणे सांगतो, त्यातलं निम्मं वर कुणी त्या दिवशी उघडूनही बघायचं नाही.

पाटीपुस्तक

केंद्रप्रमुख साहेबांशी एका मुद्द्यावर पटत नाही. बाईंना स्कॉलरशिप गट देऊन शांत करणं म्हणजे परत तेच झालं ना, मुरलेला शिक्षक हुशार पोरांकडे. वर कोकणातल्या बाईंनी जे लिहिलं त्याच्या बरोब्बर उलट. थोडा वेळ लागू दे, पण बाईंना अक्षरगटाकडेच आणा.

आणि ही गटांची आयडिया हवेतली नाही हे बाईंना सांगायला हरकत नाही, फक्त भाषण करू नका. प्रथम या संस्थेने २००० च्या सुमारास मुंबई आणि वडोदऱ्यात बालसखी (वस्तीतल्याच तरुण मुली) नेमून मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून शिकवलं, त्याचा अभ्यास ज्यांनी केला त्यातल्या बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं (गरिबीवरच्या प्रयोगांच्या एकूण कामासाठी, नुसतं यासाठी नाही). आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे. सरकारी शाळांत हेच नेलं तेव्हा बिहारमध्ये जिथे शिक्षकांना फक्त ट्रेनिंग आणि साहित्य दिलं तिथे जवळपास काही फरक पडला नाही, कारण शिक्षक वर्गात जाऊन परत पुस्तकच पुरं करत बसले. हरियाणात दिवसातला एक तास फक्त यासाठी राखून ठेवला, वर्ग मोडून पातळीप्रमाणे बसवलं आणि वरचे पर्यवेक्षक आधी स्वतः हे शिकवून मग शाळांना मदत करायला गेले, तिथे वाचनात फरक दिसला. साहित्य तेच, शिक्षक सरकारीच. म्हणून म्हणतो, तुमच्या तीन प्रश्नांतला शेवटचा, तास वाचवायचा, तोच खरा मुख्याध्यापकाचा प्रश्न आहे.

आठवीचा_वर्गशिक्षक

मी अनुदानित हायस्कूलला आहे, म्हणजे तुमची पोरं शेवटी आमच्याकडे येतात. सगळं मान्य, पण थोडा खडा टाकतो.

आमच्याकडे अशीही पोरं येतात जी घडाघडा वाचतात आणि काय वाचलं विचारलं तर शून्य. तो एक तास झाल्यावर उरलेले पाच तास जर जुन्याच पद्धतीने, म्हणजे "समजलं का?" "होऽऽऽ", असे गेले तर हेच होणार. तो होऽऽऽ बंद करा आधी. पाटी वापरा, पाटी! आपल्याकडे इतकी जुनी आणि स्वस्त वस्तू आहे आणि दुसरीनंतर आपण ती कपाटावर टाकतो. प्रश्न विचारला की प्रत्येकाने पाटीवर उत्तर लिहायचं, एक दोन तीन, पाटी वर. ४०३ वजा १५८ दिलं की कोणी ३५५ लिहिलंय ते एका नजरेत दिसतं, म्हणजे पोराने मोठ्यातून लहान अंक वजा केला, हातचा घेतलाच नाही. वही तपासताना हे दुसऱ्या दिवशी कळतं, तोवर पोराने त्याच चुकीची दहा गणितं केलेली असतात.

दुसरं म्हणजे प्रश्न विचारून थांबा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी सत्तरच्या दशकात वर्गांचं रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं की शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतो, तीन सेकंद थांबला तर पोरं लांब उत्तरं देतात आणि जी कधी बोलत नाहीत तीही बोलतात. मी करून बघितलं, तीन सेकंद म्हणजे वर्गात अक्षरशः युग वाटतं, आपल्यालाच घाम फुटतो. आणि नावं डब्यातून चिठ्ठी काढून घ्या, नाहीतर तीच चार पोरं हात वर करून वर्ग चालवतात.

बाईंच्या पोर्शनच्या मुद्द्याला मी हलकं घेणार नाही. त्या पाच तासांत पोर्शन नीट झाला पाहिजे, अक्षरगटातल्या पोरांनासुद्धा परिसर अभ्यास कळला पाहिजे, त्यांना वाचता येत नाही म्हणून ऐकता येत नाही असं थोडंच आहे.

धडगाव_रिटर्न

एक छोटी गोष्ट. त्या सात पोरांच्या घरी कोणती भाषा बोलतात बघितलं का? मी सातपुड्यात होतो, तिथे पावरी बोलणारी पोरं. अक्षर जोडून शब्द वाचायची पण तो शब्दच आयुष्यात ऐकलेला नसायचा, मग बरोबर वाचलं की चूक हे त्याला तरी कसं कळणार. त्यांच्या भाषेतले शब्द देवनागरीत लिहून वाचायला दिले तेव्हा गाडी सुरू झाली.

उसाच्या_गावचा

आमच्याकडे बीडला दिवाळीच्या आगेमागे निम्मा वर्ग आईबापांच्या ऊसतोड टोळीबरोबर कारखान्यावर जातो आणि मार्च-एप्रिलला परत येतो. तुमच्याकडे असं असेल तर आत्ताच यादी करा. आजी-आजोबा सांभाळायला असतील तर हंगामी वसतिगृहासाठी बोला, नाहीतर जाताना शिक्षण हमी कार्ड (तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून) हातात द्या, आणि कार्डाबरोबर एका कागदावर "याला म ल क र येतं, पुढे न प स घ्या" एवढं लिहून द्या. नुसतं कार्ड बघून तिकडच्या शिक्षकाला काय डोंबल कळणार?

एसएमसी_सदस्य

मी पालक आहे, शिक्षक नाही. आमच्या शाळेत असेच गट केले तर चार आया भांडायला आल्या, आमच्या पोराला खालच्या वर्गात का बसवलं म्हणून. मग सरांनी काय केलं, आईसमोर पोराला पुस्तक दिलं. आई गप्प झाली, एक तर रडलीच. पण हे एकेकीला बोलावून केलं म्हणून चाललं. पुढे चावडी वाचनात अख्ख्या गावासमोर उभं केलं तेव्हा एक पोरगं दोन दिवस शाळेत आलं नाही. गावासमोर उभं करायचं तर त्याला येतो तो उतारा आठवडाभर आधी द्या की.

वाडीवरचा_मास्तर

सगळ्यांना धन्यवाद, उशिरा उत्तर देतोय, पाच आठवडे झाले.

केंद्रप्रमुख साहेब, तुम्ही म्हणालात तसं तक्ता घरी ठेवून गेलो. बाई पहिली दहा मिनिटं काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, त्या सातातल्या दोघांना फळाच दिसत नाही, मी दोन वर्षं त्यांच्या घरच्यांना सांगतेय. माझ्या चाचणीत ते कुठे होतं! कागद मी त्यांच्या डोळ्यासमोर धरला होता, पण फळ्यावरचं दिसतं का हे विचारलंच नाही. आरोग्य पथकाला सांगून डोळे तपासले, एकाला चष्मा आलाय, दुसऱ्याचा अजून यायचाय. आणि धडगाववाले सर, एक पोरगी वीटभट्टीवरच्या घरातली आहे, घरी वेगळीच बोली आहे, तिचंही बाईंनीच सांगितलं.

पुढच्या सोमवारी मी अक्षरगट घेतला, बाई व्हरांड्यातल्या पोरांकडे होत्या. तिसऱ्या दिवशी त्या आत आल्या, माझ्या हातातला खडू घेतला आणि म्हणाल्या, तुम्ही ल चुकीच्या बाजूने काढताय, पोरं तसाच गिरवतील. तेव्हापासून तो गट त्यांच्याकडे आहे. मी काही बोललो नाही, मागून पाटीपुस्तकवाल्यांची आठवण आली एवढंच.

आकडे: सातातली तीन पोरं शब्दांवर आली, दहातली चार उताऱ्यावर. एक पोरगा आठवडाभर शाळेतच नव्हता, मामाच्या गावच्या जत्रेला. पाटी वर करायचा प्रकार पहिली-दुसरीच्या सरांनी उचललाय, त्यांच्या वर्गातून आता दिवसभर पाट्या आपटल्याचा आवाज येतो. आणि कबूल करतो, पाच आठवड्यांत तो तास सात वेळा मोडला, त्यातला चार वेळा माझ्यामुळेच, मला तालुक्याला बोलावलं म्हणून. पाचव्या वेळी गेलो नाही, दुपारी गेलो. बोलणी खाल्ली, पण चाललं.

आता नवीन अडचण. पुढच्या आठवड्यात बाईंना पाच दिवसांचं ट्रेनिंग लागलंय. तीन गट आणि मी एकटा, शेजारी पहिली-दुसरी. गट बंद ठेवू का?

कोकणातली_बाई

बंद अजिबात नको सर, पाच दिवसांचे पंधरा होतात. गोष्टवाल्या नऊ पोरांना अक्षर-शब्दवाल्यांबरोबर एकास एक-दोन असं बसवा, पण शिकवायला नाही, फक्त बोट ठेवून ऐकायला, आणि कोणता शब्द अडला तो पाटीवर लिहून तुमच्याकडे आणायला. बाई आल्या की त्या पाट्या त्यांच्यापुढे ठेवा, पुसू मात्र नका.

वाडीवरचा_मास्तर

करतो. बाईंना आत्ताच मेसेज केला, त्यांचं उत्तर आलंय: "नऊ पोरांची नावं मी ठरवते, तुम्ही नका ठरवू."